बाब सत्तेचाळीस

डॉक्टर धैर्यवान गेले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात
माझं नाव निघालं,
घेणाऱ्यांत नाही, वाटणाऱ्यांत.
गोदीत छत्तीस वर्षं हिशेब लिहिला,
त्यांना वाटलं असणार, याला जमेल.
दुसरा एक्झिक्युटर त्यांचा भाचा, दिगंबर तळपदे,
ज्याला भागाकार मीच शिकवला होता.

सहा महिने, वकील म्हणाले.
मग धाकट्याची कॅव्हेट आली,
अर्जाचा दावा झाला,
दाव्याला नंबर, नंबराला तारीख,
तारखेला पुढची तारीख.
मुलगी म्हणाली, ही सही बाबांची नव्हेच,
शेवटच्या वर्षी चहा बशीत सांडायचा त्यांचा,
आणि इथे एक रेघ हललेली नाही.
थोरला म्हणाला, दाढ काढताना हललाय का कधी हात?
कोर्टाने दोन्ही लिहून घेतलं.

खारचा अर्धा बंगला, ठाकूरद्वारचा पागडीचा दवाखाना,
लॉकर, ज्यात काय आहे ते
तिघांनाही पाठ, तिघांचंही वेगळं.
आईच्या गोठांचं वजन
एकाच्या प्रतिज्ञापत्रात आठ तोळे, दुसऱ्याच्या अकरा.
मधले तीन तोळे
सात वर्षं फोर्टात फिरताहेत.

चौथ्या वर्षी दिगंबरने माझ्याविरुद्धच अर्ज केला:
सहएक्झिक्युटरने दवाखान्याची किल्ली दडवली.
किल्ली माझ्या दाराशी खिळ्याला होती.
तिच्याखाली बसून त्याने दोनदा पोहे खाल्ले होते.
मी उत्तरात पोह्यांचं लिहिलं,
वकिलाने खोडलं.

परवा कोर्टाची कमिशनर आली,
कोवळी पोरगी, पाठीवर लॅपटॉप.
लाखेचं सील फोडलं,
आणि आतून लवंगेच्या तेलाचा वास
तिघांच्या अंगावर एकदम आला.
कोणी काही बोललं नाही.
तिघांचे तीन वकील मात्र शिंकले.

खुर्ची, पायाने वर होणारी, एक.
उकळण्याचं भांडं, एक.
चिमटे, गंजलेले, एकोणीस.
आणि भिंतभर फळ्यांवर जबडे.
प्लास्टरचे, पांढरे, पिवळे पडलेले,
खाली पेन्सिलीने नाव आणि वय.
ठाकूरद्वार ते फणसवाडी, सगळ्यांची तोंडं
आ वासून, एक शब्द न बोलता.

खालच्या फळीवर, एका बुटाच्या खोक्यात:
शैलेंद्र, तेरा. मंदाकिनी, अकरा. उदय, आठ.
तिघांचेही पुढचे दोन दात
एकाच बाजूला कललेले, बापावर गेलेले.
मंदाने उदयचा जबडा उचलला,
अंगठ्याने त्यावरची धूळ पुसली,
बघितलं,
आणि खोक्यात ठेवताना आपल्या जबड्यापासून
जरा लांब ठेवला.

इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर दरेकाला सांगायचे,
बधिरपणा उतरेपर्यंत खाऊ नका काही,
कळणारसुद्धा नाही चावल्याचं.
आपलेच दात, आपलेच ओठ.

पोरीने विचारलं, याची किंमत?
मी म्हटलं, शून्य.
बाब सत्तेचाळीस. प्लास्टरचे नमुने.
मोजा, म्हणाली. मोजले. दोनशे बारा.
कोणाची हरकत?
थोरल्याने मान हलवली, धाकट्याने, मुलीनेही,
दिगंबरने पेनाचं टोपण काढलं,
आणि सात वर्षांत पहिल्यांदा
एका कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या,
बिनतक्रार, शून्याखाली.

पुढची तारीख जूनची आहे.
तोवर हे कोणाला सांगू नका:
होते दोनशे तेरा.
एक माझा होता, वय चौतीस, पेन्सिल पुसट झालेली,
बायको होती तेव्हाचा, सगळ्या दाढा शाबूत.
मोजणी सुरू व्हायच्या आधी
मी तो कोटाच्या खिशात टाकला.
दिगंबरचा अर्ज आता
निदान एका बाबीपुरता खरा आहे.