वारा पडला त्या रविवारी

या शहरात समुद्राचा पत्ता विचारत कोणी येत नाही.
झिरो माइलच्या दगडावर
गावोगावची अंतरं कोरलेली,
लाटांचं तेवढं राहून गेलं.

मी एकतीस वर्षं अंबाझरीवर
कॅडेट पोरांच्या होड्या सांभाळतो:
डांबर, दोरखंड, उंदरांनी कुरतडलेली शिडं.
आमचा वारा धरणाच्या भिंतीवरून उतरतो,
त्याच्या मनात आलं तर.

इशरत पहिल्यांदा आली तेव्हा डोक्यावर
नुकते उगवलेले केस,
हरभऱ्याच्या घाट्यावर लव असते तसे.
मोमिनपुऱ्याची पोर. पोहता येत नाही.
म्हणाली, काका, वॉर्डाच्या खिडकीतून
गच्चीवर वाळणाऱ्या चादरी दिसायच्या.
सगळ्या एकदम फुगायच्या.
वाटायचं, निघाला आता हा दवाखाना.

कुठं निघाला गं?

ते नाही माहीत.
पण मी बसली होती ना त्यात.

मग तिनंच हे काढलं.
एका फेरीचे इतके रुपये,
वॉर्डातल्या पोरांच्या प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी.
बर्डीच्या चष्मेवाल्यानं फेरीला दोनशे लिहिले,
गोकुळपेठेतल्या भाजीवालीनं वीस,
आणि मेडिकलसमोरचा पोहेवाला म्हणाला,
तुम्ही फिरा तर खरं, मग पाहू.

बारापात्रे शीड शिवायला बसले.
जन्म इतवारीत मागावर गेलेला,
आता औषधानं बोटांची टोकं बधिर.
सुई टोचली तरी समजत नाही, म्हणाले,
म्हणून डोळ्यांनी शिवतो.
पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला.
मी दचकलो.
ते बघत राहिले त्याच्याकडे,
भांडून पुन्हा घरात घेतलेल्या
जुन्या भाडेकरूकडे बघावं तसे.
"आता नीट वागून राहिलं," म्हणाले.

नारिंगी टी-शर्ट बावीस आले होते.
एकवीस अंगात गेले.
उरलेला, सगळ्यात लहान मापाचा,
मी दोरखंडाच्या पेटीत ठेवला, घडी न मोडता.
त्याबद्दल त्या दिवशी कोणी बोललं नाही.

साडेसातला शिट्टी झाली
आणि वारा पडला.
पार पडला.
जलपर्णीचं पान हलेना.
सहा होड्यांची सहा शिडं
न्हाऊन आलेल्या म्हशींच्या कानांसारखी लोंबत.
काठावरून लोक ओरडू लागले,
वल्ही मारा ना बे, काहून बसून राहिले!

इशरत तळ्याच्या मधोमध.
दुर्बिणीतून पाहिलं:
सुकाणूवर हात, मान सरळ,
चेहऱ्यावर घाईचं नाव नाही.
हे बसणं ती कुठं शिकली
ते मला मागाहून कळलं.
औषधाच्या पहिल्या फेरीनंतर सतरा दिवस
रोज सकाळी एक कागद यायचा,
कागदावर एक आकडा,
आणि आकडा वर यावा म्हणून
मारायला वल्हं नसतं.

एक तास दहा मिनिटं.
एक विमान सोनेगावला उतरलं.
पाणकावळ्यानं पंख वाळवले, मिटले,
पुन्हा उघडले.
काठावरची ओरड कधी थांबली, लक्षात आलं नाही.
चष्मेवाला, पक्का हिशेबी,
वहीतला 'फेरी' शब्द खोडून
त्याच्यावर 'मिनिट' लिहीत होता.
मिनिटाला दोनशे? मी विचारलं.
"नाही हो, तेवढा मी मोठा नाही. पाच."
भाजीवाली म्हणाली, माझा रुपया धरा.
पोहेवाल्यानं नुसती किटली पुढे केली.

नवाच्या सुमारास वाडीकडून थोडी झुळूक आली,
बारापात्र्यांच्या टाक्यांवरून आत शिरली.
एकूण फेऱ्या झाल्या दीड.

दुपारी शेडमागच्या तारेवर
पोरांनी ओली शिडं वाळत घातली.
इशरत पायरीवर पोहे खात बसलेली,
तर्री जास्त.
एकाएकी वारा सुटला, हवा होता तेव्हा न आलेला,
आणि सगळी शिडं एकदम फुगली.

ती माझ्याकडे बघून हसली.

मी शेडच्या खांबाला हात लावून पाहिला.
जागेवरच होता,
निदान हात लावला तेव्हा तरी.