पर

सुपडू वाडिलेकडे होडी नाही.
ट्रकची ट्यूब आहे, सहा ठिगळांची,
तिच्यावर सुतळीनं आवळलेली फळी,
आणि वल्ह्यांच्या जागी
दोन्ही पंजांत घातलेल्या
रबरी चपला.

मुडावदला, पांझरा तापीत शिरते त्या कोपऱ्यात
रविवारी मी वही घेऊन बसतो.
बेटावदच्या शाळेत विज्ञान शिकवतो.
पुस्तकातला मासा कुशीवर छापलाय,
पाठीचा पर, छातीचे, पोटाचे, शेपटीचा,
चहूकडून बाण टोचलेले.
यातला कोणता त्याला पुढे नेतो, मी वर्गाला विचारलं,
आणि मीच सांगितलं : शेपटी.
रोशनी पावरा शेवटच्या बाकावरून म्हणाली,
मग बाकीचे कशाला, सर?

घंटा झाली म्हणून वाचलो.

झेलाबाई, सुपडूची बायको,
जर्मनच्या पातेल्यात मरळ जिता ठेवते.
मी तासभर वाकून बघितला.
काहीच करत नव्हता तो.
म्हणजे शेपूट गप्प, पाठ गप्प,
फक्त गालफडांमागचे दोन पर
एकदा हा, एकदा तो,
झोपेत पोराला थोपटणाऱ्या हातासारखे.
कल्ल्यांतून सुटणारं पाणी त्याला पुढे लोटतं,
परांनी तो तेवढंच परतवतो,
न कमी, न जास्त,
आणि पातेल्याच्या मध्यावर राहतो.
“उभं ऱ्हानं बी कामच शे, मास्तर,”
झेलाबाई म्हणाली.
सकाळपासून ती उभीच होती. गिऱ्हाईक एक नाही.

रोहू मात्र जातो.
दोघं जण सतरंजीची टोकं धरतात, एक जण झटकतो,
लाट त्याच्या हातातून निघते, बारीक,
मधे वाढते, दुसऱ्या टोकाला फाटकन वाजते आणि धूळ उडते.
तसं मानेपासून शेपटीपर्यंत.
डावीकडे वळसा, उजवीकडे वळसा,
प्रत्येक वळशाच्या पोटात थोडं पाणी धरून मागे टाकायचं.
पाणी मागे गेलं की मासा पुढे.
वाम तर अख्खी शेपूटच, तिला मान कुठली!
हे मी वहीत लिहिलं, चित्र काढलं,
चित्र पुन्हा थांबलं.

तेवढ्यात पाण्यावर शिवी ऐकू आली.
सुपडूच्या उजव्या हातातली चप्पल सुटली होती
आणि तापी तिला घेऊन
सुलवाड्याच्या दिशेनं निघाली होती, सावकाश, निळ्या पट्ट्याची.
त्यानं डाव्या हातानं पाणी ओढलं,
ट्यूब फिरली.
पुन्हा ओढलं, पुन्हा फिरली.
काठ, देऊळ, काठ, झेलाबाई, काठ,
सगळं त्याच्याभोवती घाण्यासारखं.
झेलाबाई पदर तोंडाला लावून हसली.
मी पण हसलो. माफ कर, सुपडू.

मग तो थांबला.
डावा हात पाण्यात तिरका रोवला, नुसता टेकवून,
आणि फळीवर पालथा पडला,
पाय मागे पाण्यात सोडले, जुळवून,
आणि कंबर हलवली.
आधी नुसते शिंतोडे.
मग लाट कंबरेतून गुडघ्यात आली,
गुडघ्यातून घोट्यात,
ट्यूब सरळ झाली
आणि काठाकडे यायला लागली,
वाकडीतिकडी, पण यायला लागली.
डाव्या हातातली चप्पल मधेच कलायची, मधेच उताणी व्हायची,
तोल सांभाळत, दिशा धरत.
बाकीचे कशाला,
ते मला तेव्हा दिसलं.

तो वर आला, धापा टाकत.
“पानीले मारानं नही,” म्हणाला, “टेकानं.”
बोटांत अजून जाळीतला एक खवला चिकटलेला.

सोमवारी मी रोशनीला पुढे बोलावलं.
दोन पट्ट्या दिल्या हातांत,
आणि म्हटलं, उभी राहा, हलू नको,
सगळा वर्ग तुला लोटणार आहे.
हेडमास्तर खिडकीत येऊन बघून गेले.

पुढच्या बाजारी सुपडू मला चपलांच्या ढिगाशी भेटला,
उकिडवा बसून एकेक पंजात घालून बघत होता.
जोड मोडायला दुकानदार तयार नव्हता.
शेवटी तुटक्या मालातली एक मिळाली,
लाल पट्ट्याची, एक नंबर मोठी, दहा रुपयांत.
ती त्यानं हातात घातली, हवेत दोनदा पाणी सारलं,
पसंत पडली.
आणि तापलेल्या रस्त्यावरून निघाला,
एका हातात लाल, एका हातात निळी,
अनवाणी.