तिसरा

फैजपूरच्या मैदानावर दुसरा बेस म्हणजे
ढेपेचं रिकामं पोतं, आत माती भरलेली.
मी पहिल्यावर, आमचा प्रल्हाद दुसऱ्यावर,
बाद कुणीच नाही.
एप्रिल, पायाखाली फुफाटा.
सरांनी टोपी काढली, म्हणजे पळा.
पळालो.

मागे बॅट वाजली,
वाळली शेंग तडकावी तशी,
आणि समोर धनराज झांबरेचा हात वर.
चेंडू त्यात कसा शिरला ते त्यालाही कळलं नाही.
(पुढे सांगायचा, तोंड वाचवत होतो भो.)
एक.
तोल गेला, पाय पोत्यावर पडला,
प्रल्हाद तिकडे तिसऱ्याच्या निम्म्या वाटेत.
दोन.
आणि मी. मला थांबताच येईना,
व्याह्यानं व्याह्याला भेटावं
तसा छातीनिशी त्याच्या ग्लोव्हवर जाऊन आदळलो.

पंचांनी बोटं मोजली.
मग पुन्हा मोजली.

सामना आम्ही चोपडेकरांनीच जिंकला, अकरा-चार.
विचारा कुणालाही.

धनराज वीज मंडळात लागला.
सव्वीस वर्षं खांबावर.
एका वावधनात तापीकाठच्या आठ गावांचा उजेड
त्यानं उजाडायच्या आत परत आणला,
तरी टपरीवर ओळख तीच:
हा तो, एकट्यानं तिघं.
निरोप समारंभात साहेबही तेच बोलले,
नाव मात्र चुकले.

मी त्या सामन्यात दोन होमरन मारले होते.
हे वाक्य मी सुरू केलं
की बायको पुरं करते.
बाकी सगळीकडे मी तिसरा.
पोरीच्या सोयरिकीतसुद्धा पाहुणे म्हणाले,
अरे, म्हणजे ते तिसरे तुम्हीच का?

यंदा हिवाळ्यात त्यानं भरिताला बोलावलं.
खळ्यात वांगी भाजत होती पऱ्हाट्यांवर,
आणि त्याचा नातू हट्टाला पेटला, करून दाखवा.
प्रल्हादला जाऊन चार वर्षं झाली.
त्याच्या जागी आम्ही पाण्याची कळशी ठेवली.
मी गोठ्यापासून निघालो, गुडघ्यांना विचारत विचारत.
धनराजनं रिकामा हात वर केला,
चपलेवर पाय ठेवला,
वळला.

या वेळी थांबता आलं असतं मला.
भरपूर वेळ होता.

त्याच्या सदऱ्याला धुराचा वास होता.

एवढंच? नातू म्हणाला.
एवढंच रे भो, धनराज म्हणाला,
चला, कळण्याच्या पुऱ्या गार होतायत.