उतरलेलं

गुरुवारी दुपारी दोन ते चार
लॉखीच्या वाचनालयात, हीटरशेजारच्या टेबलावर
मी म्हाताऱ्यांचे फोन बघते.
बाहेर डंडीचा वारा, टे नदीवरून चढून आलेला,
दाराला खांदा लावून उभा.

मिस्टर गेडिस टोपी काढून मांडीवर ठेवतात
आणि फोन टेबलावर, पालथा,
डिवचलेल्या कासवासारखा.
"झालं म्हणतोय," ते सांगतात,
"डाउनलोड झालं म्हणतोय.
कुठं झालं ते काही बोलत नाही."

मला हा प्रश्न आवडतो.
आमच्या भाषेत ताप उतरतो, चेहरा उतरतो,
मीठमोहऱ्यांनी दृष्ट उतरवतात,
पाहुणा कुठे उतरलाय ते आधी विचारून घेतात.
फाईल मात्र उतरते
आणि स्टँडवर घ्यायला कोणी आलेलं नसतं.

गेडिस तागाच्या गिरणीत होते, गोदामात,
पंधराव्या वर्षी लागले.
कुठली गासडी कुठल्या थप्पीत, खालून कितवी,
अंधारात नुसत्या वासावर सांगायचे.
मी म्हटलं, आमच्या घरी पाय पुसायला गोणपाट असायचं.
ते म्हणाले, "मग आपली ओळख जुनी."

फाइल्स. मग डाउनलोड्स. मग तारखेप्रमाणे.
त्यांचं बोट धरत नाही मी,
बोटाला वाट दाखवते फक्त.
निघाली.
एक नाही, नऊ.
नाव तेच, पुढे कंसात एक, कंसात दोन,
असं करत कंसात आठ.
सापडली नाही म्हणून दर वेळी पुन्हा मागवलेली,
आणि ती दर वेळी आलेली,
आतल्या खोलीत गप्प बसून राहिलेली.

उघडली. गिरणीच्या पगारवहीचं पान,
दप्तरखान्यातल्या कुण्या मुलीने फोटो काढून पाठवलेलं.
सतरावी ओळ: जीन गेडिस, विणकर.
पगार, दंडाची कपात, निळ्या शाईचा डाग.
आईचं नाव त्यांनी दोन बोटांनी मोठं केलं,
इतकं मोठं की अक्षरं फुटली,
नुसते करडे चौकोन उरले.
मग हळूच लहान केलं.

"ह्या आठ काढून टाकू?" मी विचारलं.
"उगाच जागा अडवतात."
"अडवू दे," ते म्हणाले.
"जन्मभर कुणाची जागा अडवली नाही तिने."

टोपी घातली. वाऱ्याने दार ढकललं,
त्यांनी वाऱ्याला ढकललं, गेले.

परतीच्या बसमध्ये हेरंबचा मेसेज:
ताई, हक्कसोडपत्राचा मसुदा उतरला का?
वाचून कळव, वकील थांबलेत.
मार्चपासून लिहितेय तेच लिहिलं,
उतरला रे, पण गेला कुठे कळत नाही,
फोन नवा आहे ना.

त्याने बिचाऱ्याने पुन्हा पाठवला.
कंसात चार.

मला ठाऊक आहे तो कुठे आहे.
वीजबिलाच्या वर, बसच्या पासाखाली,
पाच पानं.
तिसऱ्या पानावर माझं माहेरचं नाव,
मधे बाबांचं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी
एकही चूक न करता टाइप केलेलं.
त्याच्याखाली: राजीखुशीने.
त्याच्याखाली रेघ, सहीपुरती.

काखेत कळसा, गावाला वळसा,
आत्या डोळ्यावरचा चष्मा शोधताना म्हणायची.
कळसा काखेत आहे, त्याचा गारवा बरगडीला लागतोय,
आणि तरी मुद्दाम गावाला वळसा घालणारी एखादी असेल,
तर तिच्यासाठी म्हण नाही.

काचेवर पाऊस तिरका.
ड्रायव्हरने आरशातून बघितलं, दार उघडं धरलं,
माझा थांबा होता.
मी उतरले नाही.