खालून सुरुवात

मंगळवारी आणि गुरुवारी, टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर
बेलार्मिनो आम्हाला उभं राहू देत नाही.
"पडलेले आहात असं धरा," म्हणतो,
"पडायला आयुष्यानं शिकवलंय, फी न घेता.
मी पुढचं शिकवतो."

मग जेनिवाल्दो माझ्यावर येऊन बसतो.
शहाण्णव किलो. परानाग्वाच्या गोदीवर पोती वाहतो,
केसांत साखर राहिलेली, ती घामात विरघळून
माझ्या ओठांवर गळते.
त्याचा एक पाय माझ्या दोन मांड्यांत अडकलेला,
माझ्याजवळ तेवढंच आहे.
अर्धा गार्ड म्हणतात याला.
उरलेलं अर्धं त्याचं.

सहा मिनिटं.
पाय सुटला की पुन्हा पहिल्यापासून.
थाप मारली की पुन्हा पहिल्यापासून.
जिंकण्याबद्दल बेलार्मिनो काही बोलत नाही.

ताइनारा शाळेत कुस्ती खेळलेली.
पाठ टेकली की हरलो, हे तिच्या हाडात बसलंय,
म्हणून ती दर वेळी पालथी होते
आणि गळा देऊन बसते.

मी ढकलायचे.
हात सरळ, लांब,
आणि तो हात जेनिवाल्दो घेऊन जायचा
कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. थाप, थाप, थाप.
"ढकलू नकोस, इवोनेते. टेकू लाव."

टेकू म्हणजे मनगट त्याच्या मानेशी,
गुडघा आडवा, छातीत.
आणि सपाट व्हायचं नाही. एका कुशीवर,
जशी झोपायचे मी पोटुशी असताना
सातव्या महिन्यानंतर.
कोपर बरगडीला चिकटलेलं,
काखेत थर्मामीटर असल्यासारखं.

बंदराच्या वजनकाट्यावर एकोणीस वर्षं झाली मला.
ट्रक येतो, आकडा लागतो, शिक्का.
मला वाटायचं, वजन मला कळतं.
पण काटा किती ते सांगतो,
कुठं ते सांगत नाही.
जेनिवाल्दो पोटावर शहाण्णवचा असतो,
बरगडीवर दोनशेचा,
आणि टेकू नीट लागला तर
(एकदाच झालंय हे)
ओल्या रेनकोटाएवढा.

त्या गुरुवारी, चौथ्या फेरीत,
त्याच्या छातीत आणि माझ्या गुडघ्यात
काडेपेटीएवढी फट पडली.
मी घाई केली नाही. घाई मोडायलाच आठ महिने गेले होते.
फटीत कोपर. कोपरामागून हात,
त्याच्या काखेतून वर, पाठीवर.
तो दाबत होता,
दाब कुठंच पोचत नव्हता.
ट्रकनं चढावर गिअर बदलावा
तसा त्याचा श्वास बदलला.
ताइनारा भिंतीशी ओरडत होती, "उलटव त्याला! आत्ता!"

मी उलटवलं नाही.
राहिले.
खरं सांगते, तिथं बरं वाटत होतं.

घंटा झाली. काहीच घडलेलं नव्हतं.
जेनिवाल्दो कान चोळत उठला,
"आज काय खाऊन आलीस?"
"कालचा भात."

रात्री झोपेत मी बहिणीच्या मानेला मनगट लावलं म्हणे.
ती आता खाली गादी टाकते.

सकाळी एक ट्रक आला.
आकडा कागदाबरहुकूम, माल मात्र डावीकडे कललेला.
म्हटलं, सगळा भार तुझ्या एकाच बाजूला आहे.
"कागदावर बसतं ना?" ड्रायव्हर म्हणाला.
बसतं.
शिक्का मारला.
तो वळणावर दिसेनासा होईस्तोवर
माझं कोपर बरगडीशी होतं.