विशेषणविचार

तपेलं घेऊन गेले होते. आतून हिरवं धरलेलं,
आमटी कळकायला लागली होती.
शापूरच्या मशिदीच्या उताराला मकदुमसाब
आठवड्यातून एक दिवस भट्टी लावतो.
हल्ली तेवढंच. बाकीचा धंदा स्टीलनं खाल्ला.

"बाई, एक काम कराल?" म्हणत त्यानं वही पुढे केली.
नव्व्याण्णव नावं, नातवाच्या अक्षरात,
आणि शेजारी मोकळा रकाना: मराठी अर्थ.
पोरांना अरबी पाठ आहे, म्हणाला, पोटात उतरत नाही.

एकतीस वर्षं मी फोंड्यात व्याकरण शिकवलं.
चिऱ्याच्या कट्ट्यावर बसले, चष्मा पुसला.
दयाळू. न्यायी. ऐकणारा. जाणणारा.
हात आखडणारा, हात सैल सोडणारा.
म्हटलं, मकदुमसाब, ही सगळी विशेषणं.
विशेष्याला चिकटतात कशी?

"तीच तर मारामारी," तो म्हणाला, आणि भाता थांबवला.
"सिफत आणि जात. तुमची जात नव्हे हो,
जात म्हणजे तो स्वतः."

मी लिहिलं: त्याला ज्ञान आहे.
"खोडा. त्याला, हा एक. ज्ञान, हे दुसरं. दोन झाले."
मग लिहिलं: अज्ञान नसलेला.
"असंही करून पाहिलंय थोरांनी. पण बाई,
नसलेल्या-नसलेल्याची पोरांना माया कशी लागायची?"

नवसागराचा पांढरा धूर उठला.
कथलाची कांडी तापल्या तांब्याला टेकली,
कापसाचा बोळा फिरला, आणि माझं तपेलं
लग्नातल्यासारखं उजळलं.
"ही बघा सिफत. वरून दिलेली.
वर्षभरात उडेल, तुम्ही परत याल, माझी चूल पेटेल.
त्याची दया अशी असती,
तर कल्हई कुणी केली?
त्याच्याआधी कोण बसला होता भट्टी पेटवून?"

मला समोरची तळी सुचली. म्हटलं, कमानी पुष्कळ,
पाणी एक, असं लिहू?
तो हसला. "पाणी पण जोडकामच.
चाळीस वर्षं भांडी बघतोय.
फुटतं ते डाग दिलेल्या जागीच.
ज्याला डागच नाही, त्याला कुठून फोडाल,
आणि कुठून धराल?"

मग, म्हटलं, दया आणि न्याय, दोन शब्द कशाला?
एका माणसाला एकाच वेळी दोन्ही जमलेलं
मी तरी पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये तर नाहीच.
यावर तो बराच वेळ गप्प राहिला. निखारे सारखे केले.
"बेळगावचे आमचे मौलवी म्हणायचे,
सिफत म्हणजे ना तो, ना त्याच्याहून निराळी."

दहावीच्या पेपरात असं उत्तर आलं असतं
तर लाल शाईनं मोठा गोल काढला असता मी.
शून्याचा.

पेन्सिल वहीवर तशीच राहिली.
कर्ता, क्रियापद. नाम, विशेषण.
आयुष्यभर मी वाक्यं सोडवत आले,
आणि सोडवायचं म्हणजे तोडायचं.
तो आहे, एवढं लिहिलं तरी
तो एकीकडे, आहे एकीकडे,
मध्ये बोटभर कोरी जागा.

तेवढ्यात उतारावर एक बाई आली,
काखेत हंडा, घामानं निथळत.
"मकदुमसाब आसा?"
भात्याआडून नातवानं मान वर केली नाही.
तौसीफ नाव त्याचं, अर्थ: वर्णन करणं.
"आसा," म्हणाला.

एवढंच. कर्ता गाळलेला, कर्म नाही,
कसा, कुठे, किती, काही नाही,
आणि वाक्य पुरं.
बाईनं हंडा खाली टेकवला, विश्वासानं.

तीनशे रुपये दिले. वही घरी आणली आहे.
अठ्ठ्याण्णव अर्थ झाले, कच्चे, पेन्सिलीनं.
पोरांची पाटी शुक्रवारी हवी आहे.
एकापुढे कोकणी शब्द चालेल का,
हे तेवढं मकदुमसाबला विचारायचं राहिलं.