कुस्ती

गुलचेहर पहिल्यांदा कुस्ती म्हणाली
तेव्हा मला दिसली लाल माती,
अंगाला तेल चोपडलेले माझे मामा.
लोकरीचे बहात्तर धागे रे, ती हसली,
कमरेला तीन वेढे.

आज अर्नवाझची नवजोत.
अग्यारीत नाही. माझं आडनाव लागलं की
त्या दाराची भिंत होते.
ताडदेवलाच, तिसऱ्या मजल्यावर,
सोफा गॅलरीत ढकलून पांढरी चादर अंथरली.
दस्तूरजी जिने चढून दमलेत;
त्यांनाही त्यांच्यातले आता लग्नाला बोलवत नाहीत.

आलूमासी येणार नाही.
मूठभर उरलो, म्हणून तर मूठ मिटून ठेवायची,
असं फोनवर म्हणाली, रडली,
आणि बोंबलांचा भाव विचारून फोन ठेवला.

सुदरा मात्र आलाय, सकाळीच,
पेपरात गुंडाळून, चिठ्ठी नाही.
हातशिलाई. गळ्याशी
पुण्य ठेवायला नखाएवढा खिसा.
खांद्यात बरोबर बसला.
गेल्या महिन्यात फ्रॉकसाठी म्हणून
मापं कुणी घेतली होती, ते कुणी बोललं नाही.

गाठ सुटते.
पुन्हा, म्हणतात दस्तूरजी.
मी चादरीबाहेर उकिडवा,
मामा बसायचे तसा, कडेला,
मातीला पाय न लावता.